तंबूतली जागा आणि तिचे मोल

(नभोवाणीवरील भाषण)

वार्षिक परीक्षा आटोपल्या आणि आंब्याच्या पेट्या घरात येऊ लागल्या, की त्यांच्या मागोमाग एक छापील कागदही शहरातील घराघरांत येऊ लागतो. मुलांच्या उन्हाळी शिबिराचा तो अर्ज असतो. परवा असाच एक कागद माझ्या पाहण्यात आला. वरच्या बाजूस डोंगर, तंबू व शेकोटी यांचे चित्र. खाली मुलाचे नाव, वय, रक्तगट, पोहता येते की नाही. आणि सर्वांच्या शेवटी जाड ठशात एक वाक्य, की शुल्काची संपूर्ण रक्कम पोचल्याखेरीज नाव दाखल झाले असे समजू नये. ज्या गृहिणीने तो कागद मला दाखविला तिचा प्रश्न अगदी साधा होता : सात रात्री पोराला झाडाखाली निजवायचे, त्याला इतके पैसे कशाला? मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही मनातून जाईना.

शहरातल्या मुलाने सुट्टीत घर सोडून चार रात्री माळरानावर काढाव्यात आणि त्यातून त्याचे काही कल्याण व्हावे, ही कल्पना फार जुनी नाही. तिला जन्माला येऊन दीडशे-पावणेदोनशे वर्षे झाली असतील. आणि जन्मापासून तिच्या मागे एकच प्रश्न लागलेला आहे : पैसे कोणी भरावयाचे? या प्रश्नाला निरनिराळ्या माणसांनी निरनिराळी उत्तरे दिली. त्यांतली काही आज आपणांस सांगावी असा विचार आहे.

मुलाने घराबाहेर राहावे यात नवल काहीच नव्हते. गुरूच्या घरी राहणारा शिष्य आपणांस ठाऊक आहे, आणि वार लावून जेवणारा, कोणाच्या तरी ओसरीवर झोपून विद्या करणारा गरीब विद्यार्थी तर आपल्या दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या कित्येक कर्त्या पुरुषांच्या चरित्रात भेटतो. पण ते राहणे विद्येसाठी होते. केवळ मोकळ्या हवेसाठी मुलाला गावाबाहेर नेण्याची गरज, शहरातली हवा मोकळी राहिली नाही तेव्हाच उत्पन्न झाली. गिरण्यांचे धुराडे, एका खोलीत राहणारे सहा-सात जीव, सक्तीची शाळा आणि त्या शाळेची लांबलचक सुट्टी, एवढी सामग्री युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमली, आणि शिबिर जन्माला आले.

पहिले उत्तर स्वित्झर्लंडमधले. हेर्मान वाल्टर बिऑन हा धर्मोपदेशक आधी आपेन्झेल या डोंगरी प्रदेशातील ट्रोगेन गावी होता. १८७३ साली तो झुरिक शहरात आला. सुट्टीत आपली स्वतःची मुले पुन्हा त्या डोंगरांत गेली म्हणजे कशी टवटवीत होऊन येतात, हे त्याने पाहिले. त्याच्या जागी दुसरा बाप असता तर तेवढ्यावर समाधान मानून स्वस्थ बसला असता. बिऑनच्या मनात मात्र आपल्याच वस्तीतली फिकट तोंडाची मुले आली. त्याने शहरातील लोकांना द्रव्यसाहाय्याची विनंती केली, आणि १८७६ च्या उन्हाळ्यात झुरिकमधील ६८ गरीब व अशक्त मुले शिक्षकांच्या सोबतीने पंधरवडाभर आपेन्झेलच्या डोंगरांत नेऊन ठेवली. या उपक्रमाला त्याने 'सुट्टीतील वसाहत' असे नाव दिले. वसाहत हा शब्द तेव्हा दर्यापार राज्ये बळकावणाऱ्यांच्या तोंडी फार असे. त्याचा इतका निरुपद्रवी उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

येथे मुलाच्या बापाला एक कवडीही भरावयाची नव्हती. पुढल्याच वर्षी, १८७७ मध्ये, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील शर्मन या लहानशा गावी विलार्ड पार्सन्स नावाच्या उपदेशकाने आपल्या चर्चमधील लोकांना न्यूयॉर्कच्या कोंदट चाळींतील मुले काही दिवस आपापल्या घरी ठेवून घ्या, असे सांगितले. तेथेही खर्च यजमानाचाच. पॅरिसमध्ये एदमों कोतिने याने १८८३ साली शहराच्या नवव्या विभागात शाळेच्या मुलांसाठी अशाच वसाहती सुरू केल्या. तेथे विभागाचा शालेय निधी उपयोगी पडला आणि पुढे नगरपालिकेच्या तिजोरीनेही हात दिला. ही मुले निघताना तराजूत उभी केली जात, परत आल्यावर पुन्हा उभी केली जात, आणि वजन किती वाढले त्याचे आकडे वर्गणीदारांच्या माहितीसाठी छापले जात.

या तराजूची मला नेहमी थोडी गंमत आणि थोडी खंत वाटते. देणगीदाराला आपल्या पैशाचे चीज झाले की नाही हे कळावयास हवे, हे खरेच. पण ज्याच्या अंगावरचे मांस हाच हिशेब, त्या मुलाला आपण कोणाच्या पैशाने डोंगर पाहून आलो याचा विसर पडणे कठीण. आपल्याकडचा वारकरी विद्यार्थी, म्हणजे पंढरीचा नव्हे, वार लावून जेवणारा, सोमवारच्या घरी पान कोणत्या कोपऱ्यात मांडले जाते आणि गुरुवारच्या घरी कोणत्या, हे म्हातारपणीही सांगू शकत असे. त्या अन्नाने तो वाढला होता, आणि तो कोपराही त्याच्याबरोबर वाढला होता.

दुसरे उत्तर याच्या नेमके उलट आहे, आणि ते अमेरिकेतील सुखवस्तू लोकांनी दिले. कनेक्टिकटमधील वॉशिंग्टन गावी शाळा चालविणारा फ्रेडरिक गन हा १८६१ साली आपल्या विद्यार्थ्यांना सुमारे चाळीस मैल चालवीत मिलफर्डच्या समुद्रकिनारी घेऊन गेला आणि तेथे दोन आठवडे त्याने तळ ठोकला. देशात यादवी युद्ध पेटलेले होते आणि मुलांना शिपायांसारखे राहण्याची हौस आली होती. पण ती एका शाळेची सहल झाली. स्वतंत्रपणे पैसे घेऊन चालविलेले शिबिर पाहावयाचे तर १८७६ पर्यंत यावे लागते. जोसेफ रॉथरॉक या वैद्याने पेनसिल्व्हेनियातील नॉर्थ माउंटन येथे नाजूक प्रकृतीच्या मुलांसाठी चार महिन्यांची छावणी उघडली. शुल्क २०० डॉलर! त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. एवढे घेऊनही वैद्यबुवांचा खर्च भरून निघाला नाही, आणि तो उद्योग फार काळ चालला नाही.

त्यानंतर पाच वर्षांनी, १८८१ मध्ये, न्यू हॅम्पशायरमधील स्क्वॉम सरोवरातल्या एका बेटावर अर्नेस्ट बाल्च नावाच्या एका तरुणाने 'चोकोरुआ' ही छावणी सुरू केली. ही हकिकत थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. बाल्चने पाहिले होते, की श्रीमंतांची मुले उन्हाळ्यात आईबापांबरोबर थंड हवेच्या ठिकाणच्या हॉटेलांत राहतात, नोकरांना हुकूम सोडतात आणि कंटाळतात. या मुलांना काय कमी आहे? त्याला वाटले, काम कमी आहे. म्हणून बेटावर एकही नोकर ठेवावयाचा नाही असा त्याने नियम केला. स्वयंपाक मुलांनी करावयाचा, भांडी मुलांनी घासावयाची, होड्या मुलांनी दुरुस्त करावयाच्या. ज्याच्या घरी बुटाचे बंद बांधायलाही माणूस असे, तो येथे राखेने पातेले घाशी.

पैशाच्या बाबतीत तर बाल्चची युक्ती अधिकच चतुर होती. घरून येणाऱ्या खाऊच्या पैशावर त्याने मर्यादा घातली. ज्याला अधिक हवे असेल त्याने बेटावर काम करावे आणि मजुरी घ्यावी. वाट बांधणे, धक्का दुरुस्त करणे अशी कामे मुले मक्त्याने घेऊ लागली. मग मक्तेदारांच्या कंपन्या निघाल्या. त्या कंपन्यांत तंटे झाले. तंटे मिटवावयाला मुलांचे न्यायालय बसले. आणि पैसे ठेवावयाला 'चोकोरुआ बँक' निघाली, तिच्यावर मुले रीतसर धनादेश लिहीत. स्वतःची होडी हवी असेल तर ती वडिलांच्या नव्हे, आपल्या कमाईतून घ्यावयाची. व्यापारी बापांच्या या मुलांना पैसा कोठून येतो ते पहिल्यानेच त्या बेटावर कळले असेल.

सारेच सुंदर; पण एक गोम होती. बेटाच्या आत सर्वजण मजूर, आणि बेटावर पाय ठेवण्याचे भाडे मात्र धनिकाच्याच खिशाला परवडणारे. श्रमाची थोरवी शिकविणाऱ्या त्या छावणीत खऱ्या श्रमिकाचा मुलगा येण्याची वाटच नव्हती. आणि गंमत अशी, की मुलांना जमाखर्च शिकविणाऱ्या बाल्चचा स्वतःचा जमाखर्च काही जुळला नाही. आर्थिक ओढाताणीमुळे १८८९ मध्ये चोकोरुआ बंद पडले. तेथून शिकून गेलेल्या कल्पना मात्र न्यू इंग्लंडमधील पुढच्या कित्येक छावण्यांनी उचलल्या, आणि त्याबरोबर भारी शुल्कही उचलले.

असे हे दोन पंथ पडले. एकीकडे फुकट नेलेला गरीब मुलगा, दुसरीकडे भरपूर पैसे मोजून आलेला श्रीमंत मुलगा. दोघेही तंबूत झोपत, दोघेही नदीत पोहत; पण एकाच तंबूत नव्हे. इंग्लंडातही १९०७ पर्यंत साधारण हीच स्थिती होती. ग्लासगोला विल्यम स्मिथ याने १८८३ मध्ये 'बॉइज ब्रिगेड' नावाची मुलांची संघटना काढली होती आणि १८८६ पासून ती आपल्या मुलांना सुट्टीत समुद्रकाठी नेत असे. ही मुले बहुतांशी साध्या घरची. बड्या घरच्या मुलांची सुट्टी निराळी.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल या सेनानीने पूल बंदरातील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांची आठवडाभराची छावणी भरविली, तीच पुढे बालवीर चळवळीची जननी ठरली. मॅफेकिंगच्या वेढ्यामुळे त्याचे नाव घरोघरी झालेले होते, त्यामुळे त्याने बोलाविले आणि आईबापांनी मुलांना पाठविले यात आश्चर्य नाही. बेडन-पॉवेल हा साम्राज्याचा शिपाई. त्याच्याविषयी आपल्या मनात आढी असणे स्वाभाविक आहे, आणि तिचे कारण मी पुढे सांगणारच आहे. पण या छावणीत मुले कशी गोळा केली आणि पैसे कसे घेतले, ते आधी पाहू.

मुले त्याने मुद्दाम दोन ठिकाणांहून घेतली. दहा 'पब्लिक स्कूल'मधली. इंग्लंडात पब्लिक स्कूल म्हणजे सर्वांना खुली शाळा नव्हे, तर ईटन-हॅरोसारखी, बड्या लोकांची मुले जेथे राहून शिकतात ती भारी फीची शाळा. ही बहुतेक त्याच्या स्नेह्यांची मुले. उरलेली दहा जवळच्या बोर्नमथ व पूल या गावांतली बॉइज ब्रिगेडची मुले. त्यांची निवड तेथील ब्रिगेडच्या अधिकाऱ्यांनी केली. शिवाय बेडन-पॉवेलचा नऊ वर्षांचा पुतण्या. आणि शुल्क? पब्लिक स्कूलच्या मुलाला एक पौंड. गावातल्या मुलाला साडेतीन शिलिंग.

हे आकडे आपल्या नाण्यांत सांगतो. तेव्हा एका पौंडाचे पंधरा रुपये होत. म्हणजे एका मुलाकडून पंधरा रुपये आणि दुसऱ्याकडून दोन रुपये दहा आणे. रुपयाला तीन आणेही नव्हेत! अन्न तेच, तंबू तोच, बेट तेच. पुढे १९१३ मध्ये लंडनच्या लँबेथ भागातील मजुरांच्या संसारांची पाहणी मॉड पेंबर रीव्हज या बाईने 'राउंड अबाउट अ पाउंड अ वीक' या पुस्तकात प्रसिद्ध केली. नावातच सारे आले : आठवड्याला पौंडाच्या आसपास मिळकत, आणि तीत घरभाडे, कोळसा, पाव, औषध, सगळे. अशा घराला एक पौंड मागणे म्हणजे आठवडाभर चूल विझवा असे सांगणे. साडेतीन शिलिंग म्हणजे मात्र एका दिवसाच्या मजुरीएवढी रक्कम झाली. काटकसरीने ती बाजूला पडू शकते.

मला या हिशेबात विशेष वाटते ते हे, की त्याने साडेतीन शिलिंग घेतले; फुकट नेले नाही. यामागे त्याचा काय विचार होता ते त्यालाच ठाऊक, पण परिणाम उघड आहे. पूल गावचा मुलगा त्या होडीत चढला तो कोणाचा आश्रित म्हणून नव्हे, पैसे भरून नाव दाखल केलेला सभासद म्हणून. त्याला कोणी तराजूत उभे केले नाही.

बेटावर लांडगा, वळू, डोमकावळा आणि कर्ल्यू हा पाणपक्षी अशा नावांच्या चार तुकड्या केल्या. प्रत्येक तुकडीत दोन्ही प्रकारची मुले मिसळलेली. खांद्यावर रंगीत फितीची खूण, लांडग्यांची निळी, वळूंची हिरवी, डोमकावळ्यांची तांबडी, कर्ल्यूंची पिवळी. पौंड कोणी दिला आणि शिलिंग कोणी, याची खूण कोठेच नाही. मॅटाबेले मोहिमेत मिळालेले एका आफ्रिकी हरणाचे लांबलचक पीळदार शिंग फुंकून सकाळी मुलांना जागे करीत. तथापि सत्य सांगावयाचे तर तुकड्यांचे नायक बहुतेक पब्लिक स्कूलमधलेच होते. हुकूम करण्याची सवय शुल्काच्या यादीत लिहिलेली नसते. ती घरून येते.

आता श्रोत्यांच्या मनात सहज प्रश्न उभा राहील, की या तंबूत आपल्या मुलाला जागा होती काय? बेडन-पॉवेल हिंदुस्थानात बरीच वर्षे राहिलेला होता. १८९७ ते १८९९ या काळात मेरठ येथे तो एका रिसाल्याचा प्रमुख होता, आणि टेहळणीचे शिक्षण शिपायांना देण्याचे जे प्रयोग पुढे बालवीरांच्या उपयोगी पडले, त्यांतले कित्येक त्याने येथेच केले. तरी १९०९ मध्ये बंगलोरला हिंदुस्थानातले पहिले बालवीर पथक निघाले ते गोऱ्या व अँग्लो-इंडियन मुलांपुरते. हिंदी मुलाला त्यात प्रवेश नव्हता. साडेतीन शिलिंग नव्हे, एक पौंड नव्हे, शंभर पौंड मोजले असते तरी नव्हता. ब्राउनसीवर गरिबासाठी जी फट उघडली होती, तिची किंमत पैशात होती. येथल्या दाराची किंमत पैशात नव्हतीच.

मग आपल्या लोकांनी निराळे दार पाडले. १९१७ च्या सुमारास मद्रासकडे ॲनी बेझंटबाईंनी हिंदी मुलांची स्वतंत्र बालवीर संघटना उभी केली. १९१८ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेस सेवा समितीचे बालवीर सुरू केले. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल स्वतः हिंदुस्थानात आला आणि बेझंटबाईंची संघटना मूळ संस्थेत सामील झाली. सेवा समितीने आपली वाट वेगळीच ठेवली. हे प्रवाह एक होऊन 'भारत स्काउट्स अँड गाइड्स' ही संस्था झाली ती स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी. एका तंबूत झोपण्याला आपल्या देशात एवढी वर्षे लागली.

एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि त्या गृहिणीच्या प्रश्नाचे उत्तर तीतच आहे. ब्राउनसीच्या छावणीचा जमाखर्च उपलब्ध आहे. एकूण खर्च ५५ पौंड २ शिलिंग ८ पेन्स, म्हणजे आपले सव्वाआठशे रुपये. आता शुल्काची बेरीज करा. दहा मुलांचे दहा पौंड, दहा मुलांचे पस्तीस शिलिंग. झाले पावणेबारा पौंड. खर्चाच्या पाचव्या हिश्श्याहून किंचित अधिक! माणशी खर्च अडीच पौंडांच्या वर गेला होता. म्हणजे साडेतीन शिलिंगवाला मुलगा तर सवलतीत होताच, पण एक पौंड भरून आलेला बड्या घरचा मुलगाही खर्चाच्या निम्म्याहून कमीच देत होता. दोघेही दुसऱ्या कोणाच्या तरी पानावर बसलेले होते. एकाला ते कदाचित जाणवत होते, दुसऱ्याला त्याचा पत्ताही नसावा. सात रात्री झाडाखाली झोपायचे म्हटले, तरी तंबू भाड्याचे असतात, होडी भाड्याची असते, शिधा बेटावर पोचवावा लागतो, आणि शिकविणारा माणूस उपाशी राहत नाही.

काही देणग्या आल्या होत्या. त्या सगळ्या धरूनही चोवीस पौंडांहून थोडी अधिक तूट राहिली. साडेतीनशेच्या वर रुपये. ती सॅक्सन नोबल या गृहस्थाने भरून दिली. मार्क आणि हंफ्री ही त्याची दोन मुले छावणीत होती. नियमाप्रमाणे त्या दोघांचा एकेक पौंड आधीच जमा झालेला होता.